चर्चा: ‘मोठी मांजरे’ हा गट वंशावळीत बसत नाही, मग मार्जार कुळाची ओळख करून देताना तो वापरावा का?

शाखामूळ (धागाकर्ते)

मार्जार कुळावरचे बहुतेक लोकप्रिय लेखन एका ठरीव वाटणीवर उभे असते. वाघ, सिंह, बिबट्या, हिमबिबट्या, जॅग्वार, चित्ता आणि प्यूमा ही सात ‘मोठी मांजरे’, आणि उरलेली सगळी ‘लहान मांजरे’. एप्रिल 2023 मध्ये भारताने मोठ्या मांजरांच्या संवर्धनासाठी जी आंतरराष्ट्रीय आघाडी जाहीर केली, तिच्या यादीतही हेच सात प्राणी आहेत. संवर्धनाच्या सोयीसाठी कोणी कोणती यादी करावी, याबद्दल माझे काही म्हणणे नाही. ही यादी नात्याची यादी म्हणून वाचकांपुढे ठेवली जाते, याला मात्र माझी हरकत आहे. कोण कोणाचे भाऊबंद हे सांगायचे असेल, तर ही वाटणी वाचकाला सरळ उलट्या दिशेला नेते. म्हणून मार्जार कुळाची ओळख करून देणाऱ्या लेखनातून ती काढून टाकावी, असे माझे मत आहे.

याचे कारण असे. वॉरन जॉन्सन, स्टीफन ओब्रायन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2006 साली हयात मांजरांच्या डीएनएचा जो तौलनिक अभ्यास प्रसिद्ध केला, त्यातून या कुळाच्या आठ शाखा स्पष्ट झाल्या. सर्वांत आधी, सुमारे 1 कोटी 8 लाख वर्षांपूर्वी, पँथेराची शाखा वेगळी झाली. वाघ, सिंह, बिबट्या, जॅग्वार, हिमबिबट्या आणि ढगाळ बिबट्ये तिच्यात येतात. त्यानंतर बे मांजर, कॅराकल, ओसेलॉट, लिंक्स आणि प्यूमा यांच्या शाखा एकामागून एक फुटत गेल्या. सुमारे 62 लाख वर्षांपूर्वी शेवटच्या दोन शाखा एकमेकींपासून दुरावल्या. त्यांपैकी एकीत वाघाटी आणि मासेमार मांजर आहेत, तर दुसरीत रानमांजर आणि आपले पाळीव मांजर.

आता या मांडणीत चित्ता कोठे बसतो ते पाहावे. त्याचे सर्वांत जवळचे नातलग दोन, प्यूमा आणि जॅग्वारुंडी. जॅग्वारुंडी हा अमेरिका खंडातला, लांबट अंगाचा, आखूड पायांचा, पाच-सहा किलो वजनाचा प्राणी आहे. ही प्यूमाची शाखा पाळीव मांजराच्या शाखेपासून सुमारे 67 लाख वर्षांपूर्वी अलग झाली, आणि बिबट्याच्या शाखेपासून त्याच्या कितीतरी आधी. याचा अर्थ असा की, अंगावर ठिपके असलेला चित्ता त्याच्यासारख्याच ठिपकेदार बिबट्यापेक्षा घरातल्या मांजराला नात्याने अधिक जवळचा आहे. ‘मोठी मांजरे’ ही वाटणी नेमकी हीच गोष्ट झाकून टाकते. दुसऱ्या बाजूने, ढगाळ बिबट्या हा पँथेराच्याच उपकुळातला, वाघ-सिंहांचा खरा भाऊबंद. पण तो वीस किलोंच्या आसपासच राहतो, म्हणून त्याला यादीत जागा नाही. जी यादी घरच्या माणसाला बाहेर ठेवते आणि दूरच्या दोघांना आत घेते, तिला कुटुंबाची यादी का म्हणावे?

वनपाऊल

आपली वंशावळ मला मान्य आहे. त्यातून आपण काढलेला निष्कर्ष मात्र मान्य नाही. प्राण्यांचे गट पाडण्याचा वंश हा एक आधार आहे, एकमेव आधार नव्हे.

‘मोठी मांजरे’ हा गट केवळ डोळ्यांना भव्य दिसणाऱ्या प्राण्यांचा नाही. त्यामागे एक ठोस शारीरिक गणित आहे. ख्रिस कार्बोन आणि सहकाऱ्यांनी 1999 साली जमिनीवरील मांसाहारी प्राण्यांच्या आहाराची तुलना केली, तेव्हा साधारण 21 किलो वजनाच्या आसपास एक उंबरठा दिसून आला. त्याहून हलके मांसाहारी प्राणी उंदीर, पक्षी, कीटक अशा स्वतःपेक्षा पुष्कळ लहान भक्ष्यावर जगू शकतात. त्याहून जड प्राण्यांना तसे जगणे परवडत नाही, कारण लहान भक्ष्य गोळा करण्यात जी शक्ती खर्च होते ती त्या भक्ष्यातून भरून निघत नाही. म्हणून त्यांना स्वतःच्या वजनाच्या जवळपासचे, किंवा त्याहून मोठे, जनावर मारावेच लागते. यातून पुढचे सगळे ठरते. मोठे भक्ष्य विरळ असते, त्यामुळे प्रत्येक प्राण्याला विस्तीर्ण प्रदेश लागतो. विस्तीर्ण प्रदेशात माणसाची वस्ती आणि गुरे येतात, आणि तेथूनच संघर्ष सुरू होतो. प्यूमा जॅग्वारुंडीचा भाऊ असला तरी तो हरणे आणि ग्वानाको मारतो, मेंढपाळांच्या कळपावर येतो, आणि एकेक नर शेकडो चौरस किलोमीटर फिरतो. त्याचे जगणे बिबट्यासारखे आहे, जॅग्वारुंडीसारखे नाही.

एखाद्या प्राण्याची ओळख करून देताना तो काय खातो, किती जागा व्यापतो, माणसाशी त्याची गाठ कशी पडते, हे वाचकाला सांगायचे नाही काय? आपण वंशावळ सांगून थांबलात, तर चित्ता जॅग्वारुंडीचा चुलतभाऊ आहे एवढे कळेल आणि चित्ता म्हणजे कोण हे कळायचे राहून जाईल.

शाखामूळ

वनपाऊल, कार्बोन यांच्या उंबरठ्याचा मुद्दा वजनदार आहे आणि तो मी नाकारत नाही. परंतु त्या उंबरठ्यावर यादी बांधायची ठरवली, तर युरेशियन लिंक्स तिच्यात का नाही, याचेही उत्तर आपल्याला द्यावे लागेल. त्याचे वजन 18 ते 30 किलोंपर्यंत भरते आणि युरोपातल्या पुष्कळ भागांत रो हरीण हेच त्याचे मुख्य भक्ष्य आहे. आपल्या मोजपट्टीने तो मोठ्या मांजरांच्या उंबरठ्यावरच उभा आहे. तरीही तो कोणत्याच यादीत नसतो, कारण लोकांच्या मनातली यादी त्या गणितावरून तयार झालेलीच नाही. ती भव्यतेवरून तयार झाली आणि गणित तिला नंतर जोडले गेले.

माझा खरा आक्षेप दिसण्यावर विसंबण्याला आहे, कारण या कुळात दिसणे विलक्षण फसवे आहे. दोन उदाहरणे देतो.

आफ्रिकेतल्या पावसाळी जंगलांत एक सोनेरी मांजर आढळते आणि आशियातही एक सोनेरी मांजर आढळते. दोघांची अंगलट सारखी, दोघांत तांबूस आणि करडे असे रंगभेद, दोघेही दाट अरण्यात राहणारे. कित्येक दशके दोघांना एकाच नावाखाली, सख्ख्या भावंडांसारखे ठेवले जात होते, आणि एकच प्राणी दोन खंडांत विभागला गेला असावा अशी समजूतही होती. डीएनएने ती समजूत पार मोडली. आफ्रिकी सोनेरी मांजर हे कॅराकल आणि सर्व्हल यांच्या शाखेतले निघाले. त्याचे सख्खे नातलग म्हणजे काळ्या झुपकेदार कानांचा कॅराकल, जो रखरखीत माळरानावर राहतो आणि उडते पक्षी झेप घेऊन पकडतो. आशियाई सोनेरी मांजर मात्र बोर्निओच्या बे मांजराच्या शाखेतले निघाले. दोन वेगळ्या शाखांनी सारख्या जंगलात सारखे रूप घेतले, एवढाच त्याचा अर्थ.

दुसरे उदाहरण संगमरवरी मांजराचे आहे. आग्नेय आशियातला हा दोन ते पाच किलोंचा प्राणी आहे. अंगावर काळ्या कडांचे मोठे ढगासारखे पट्टे, शरीराइतकी लांब जाड शेपटी, मांजराच्या मानाने मोठे सुळे आणि झाडावर वावरण्याची सवय. पाहणाऱ्याला वाटावे की ढगाळ बिबट्याचेच लहान रूप समोर आहे. ते पँथेराच्या आसपासचे आहे, असे अनेक वर्षे गंभीरपणे मानले जात असे. प्रत्यक्षात तेही बे मांजराच्या शाखेतले आहे आणि ढगाळ बिबट्याशी त्याचे नाते तितकेच दूरचे आहे जितके आपल्या घरातल्या मांजराचे. अशा कुळात आपण आकार आणि रूप यांवरून गट पाडत राहिलो, तर या प्राण्यांच्या इतिहासातला सर्वांत मोलाचा भाग वाचकापर्यंत कधीच पोहोचणार नाही.

दंतपंक्ती

दोघांच्याही मांडणीत शरीररचनेवर अन्याय होतो आहे, म्हणून लिहितो. धागाकर्त्यांच्या लेखनातून असा ग्रह होतो की, जुने प्राणिशास्त्रज्ञ वरवरच्या रूपाला भुलले आणि डीएनएने येऊन त्यांना शहाणे केले. इतिहास तसा नाही.

लिनीअसने 1758 साली सिंह, वाघ, बिबट्या, जॅग्वार, लिंक्स आणि पाळीव मांजर या सगळ्यांना ‘फेलिस’ या एकाच नावाखाली ठेवले, हे खरे. पण त्यानंतर रेजिनाल्ड पोकॉक यांनी आकाराकडे पाहत न बसता कंठास्थी तपासली. 1916 साली त्यांनी दाखवले की सिंह, वाघ, बिबट्या आणि जॅग्वार यांच्या कंठास्थीचा एक भाग हाडाचा नसून लवचिक बंधाचा असतो, तर इतर मांजरांत ती पूर्ण हाडाची साखळी असते. पुढच्याच वर्षी त्यांनी कुळाचे तीन उपकुळांत विभाजन केले. प्यूमा आकाराने बिबट्याएवढा असूनही त्याला त्यांनी लहान मांजरांच्या बाजूला ठेवले. जी गोष्ट आपण आज डीएनएच्या नावाने सांगतो, तिचा मोठा हिस्सा एका माणसाने हाडे हातात घेऊन नव्वद वर्षे आधी ओळखला होता.

आणखी एक. ज्या 2006 च्या अभ्यासातले कोट्यवधी वर्षांचे आकडे आपण देता, ते आकडे केवळ डीएनएतून निघालेले नाहीत. त्या अभ्यासात 16 जीवाश्मांच्या वयाचा आधार घेऊन काळाची मोजणी बसवलेली आहे. जीवाश्म ओळखायचा तो दात, जबडा आणि कवटी यांवरूनच. तिबेटच्या झांडा खोऱ्यात सापडलेली ‘पँथेरा ब्लायथी’ ही प्रजाती 2013 साली प्रसिद्ध झाली. तिचे अवशेष 40 ते 60 लाख वर्षांपूर्वीचे आहेत आणि तिचे वर्णन झाले ते कवटीवरून. एवढ्या जुन्या हाडातून डीएनए मिळण्याची आशाच नसते. शरीररचना बाजूला सारली, तर आपल्या वंशवृक्षाला फांद्या राहतील आणि काळ राहणार नाही.

गुणसूत्र

दंतपंक्ती यांचा जीवाश्मांचा मुद्दा अगदी योग्य आहे. पोकॉक यांच्याविषयी त्यांनी दाखवलेला आदरही योग्यच आहे, मात्र त्यांनी अर्धाच भाग सांगितला. पोकॉक यांच्या त्या तीन उपकुळांतले तिसरे उपकुळ एकट्या चित्त्यासाठी होते. चित्त्याच्या नखांना इतर मांजरांसारखी कातड्याची म्यान नसते, ती नखे पूर्ण आत जात नाहीत, पाय लांब आणि सडपातळ, कवटी लहान आणि घुमटाकार. एवढे वेगळेपण पाहून त्याला सगळ्या मांजरांपासून बाजूला काढले गेले. ही शरीररचनेची निरीक्षणे पूर्ण अचूक आहेत, पण त्यांतून निघालेले नाते अचूक नाही. धावण्यासाठी झालेले ते बदल आहेत आणि असे बदल थोड्या काळातही होऊ शकतात. उत्तर अमेरिकेत हिमयुगाच्या शेवटापर्यंत मिरॅसिनोनिक्स नावाचे लांब पायांचे, चित्त्यासारखे मांजर होते. कवटी आणि पाय पाहून त्याला चित्त्याचा जवळचा आप्त समजले जाई. 2005 साली त्याचा प्राचीन डीएनए तपासला गेला, तेव्हा ते चित्त्यापेक्षा प्यूमाला जवळचे निघाले. म्हणजे धावणाऱ्या मांजराचे हे शरीर दोनदा, दोन खंडांत, स्वतंत्रपणे घडले.

कंठास्थीचेही तसेच. हिमबिबट्याच्या कंठास्थीत तो लवचिक बंध आहे, तरीही हिमबिबट्या डरकाळी फोडत नाही. डरकाळीचे रहस्य बऱ्याच अंशी स्वरपटलांच्या घडणीत आहे. सिंह आणि वाघ यांच्या स्वरपटलांची कड सपाट, चौकोनी असते आणि आत चरबीचा थर असतो, त्यामुळे फुप्फुसांवर फार जोर न देता मोठा आवाज निघतो. तेव्हा ‘डरकाळी फोडणारी मांजरे’ आणि ‘घुरघुरणारी मांजरे’ अशी जी वाटणी अजूनही पुस्तकांत दिसते, तीसुद्धा हिमबिबट्यापाशी अडखळते.

आता धागाकर्त्यांना माझा प्रश्न आहे, कारण वंशावळीकडे ते फारच विश्वासाने पाहतात. हिमबिबट्याचे सर्वांत जवळचे नातलग कोण? पेशीकेंद्रातला डीएनए सांगतो, वाघ. मातेकडून येणारा मायटोकाँड्रियाचा डीएनए मात्र हिमबिबट्याला सिंहाच्या जवळ नेतो. दोन्ही मोजण्या काळजीपूर्वक केलेल्या आहेत. 2016 आणि 2017 साली संपूर्ण जनुकसंचांचे जे अभ्यास झाले, त्यांतून याचे उत्तर असे पुढे आले की, या प्रजाती अलग होत असताना आणि झाल्यावरही त्यांच्या पूर्वजांत परस्पर संकर होत राहिला, आणि एका शाखेतली जनुके दुसऱ्या शाखेत शिरली. दक्षिण अमेरिकेतल्या लहान ठिपकेदार मांजरांत तर हे आजही चालू आहे. 2013 साली दाखवले गेले की, ब्राझीलमध्ये टायग्रिना म्हणून ओळखल्या जाणाऱ्या, दिसायला जवळजवळ सारख्या असणाऱ्या उत्तरेकडच्या आणि दक्षिणेकडच्या मांजरांचा परस्परांत संकर होत नाही. उलट दक्षिणेकडच्या मांजराचा संकर जॉफ्रॉयच्या मांजराशी होतो. अशा वेळी फांद्या एकदा फुटल्या की पुन्हा भेटत नाहीत, असे चित्र वाचकापुढे ठेवणे हाही एक प्रकारचा सोपेपणाच आहे.

वनपाऊल

गुणसूत्र यांनी जे लिहिले, त्याने माझ्या बाजूला बळ मिळते असे मला वाटते. जनुकेच जर दोन वेगवेगळी उत्तरे देत असतील, तर वंशालाच अंतिम प्रमाण मानून बाकीचे गट रद्द ठरवण्याचा आग्रह कशासाठी?

या आग्रहाचे परिणाम केवळ पुस्तकी नसतात. वाघाचेच पाहा. 2017 साली तज्ज्ञगटाने मार्जार कुळाची फेरमांडणी केली, तेव्हा कुळात 41 प्रजाती धरल्या आणि वाघाच्या केवळ दोन उपप्रजाती राखल्या, एक आशियाच्या मुख्य भूमीवरची आणि एक सुंदा बेटांवरची. पुढच्याच वर्षी 32 वाघांच्या संपूर्ण जनुकसंचांवरून दुसऱ्या गटाने सहा उपप्रजाती स्पष्टपणे वेगळ्या असल्याचे दाखवले आणि त्यांचा समान पूर्वज सुमारे 1 लाख 10 हजार वर्षांपूर्वीचा ठरवला. सैबेरियातल्या बर्फातला वाघ आणि मलाया द्वीपकल्पातला वाघ एकच मानायचे की वेगळे, यावर पैसा, प्रजननाचे कार्यक्रम आणि स्थलांतराचे निर्णय अवलंबून असतात. वंशशास्त्रज्ञांचे एकमत होईपर्यंत वाघ थांबणार नाहीत.

फ्लोरिडातल्या प्यूमाची कथा तर याहून बोलकी आहे. त्यांना स्वतंत्र उपप्रजाती मानले जाई आणि त्यांची संख्या वीस-तीसवर आली होती. आपापसांतल्या प्रजननामुळे शेपटीला गाठ, हृदयात छिद्र, नरांचे वृषण खाली न उतरणे असे दोष दिसू लागले होते. ‘शुद्ध’ उपप्रजाती जपायची असे ठरले असते, तर ती शुद्धच राहून संपली असती. 1995 साली टेक्सासातून आठ माद्या आणून सोडल्या गेल्या, पुढच्या पिढ्यांत दोष कमी झाले आणि संख्या वाढली. तेथे निर्णय वाचवून गेला, वंशावळीची रेघ नव्हे.

गुणसूत्र

नाही, फ्लोरिडाच्या उदाहरणातून उलट अर्थ निघतो. टेक्सासातल्या माद्या आणणे योग्य ठरले, कारण दोन्ही समूहांमध्ये पूर्वी रक्ताची देवाणघेवाण होती आणि माणसाने मधला प्रदेश तोडल्यामुळे ती थांबली होती. हे ज्ञान वंशाच्या अभ्यासातूनच आले. जुनी रेघ चुकीच्या जागी ओढलेली होती, म्हणून ती ओलांडता आली. रेघा ओढूच नयेत, असे त्यावरून सिद्ध होत नाही.

आणि जनुके दोन उत्तरे देतात म्हणजे सगळेच अनिश्चित आहे, असे माझ्या लेखनातून कोणी समजू नये. मतभेद आहेत ते एका शाखेच्या आतल्या क्रमाविषयी आणि अगदी अलीकडच्या, उपप्रजातींच्या पातळीवरच्या फरकांविषयी. चित्ता प्यूमाच्या शाखेत आहे, ढगाळ बिबट्या पँथेराच्या उपकुळात आहे, आफ्रिकी सोनेरी मांजर कॅराकलच्या शाखेत आहे, या निष्कर्षांवर वेगवेगळ्या पद्धतींचे अभ्यास एकत्र येतात. ओसेलॉटच्या शाखेचा तर एक पुरावा सूक्ष्मदर्शकाखाली मोजता येतो. बाकी सर्व मांजरांत 38 गुणसूत्रे असतात, तर या शाखेतल्या प्रजातींत 36. त्यामुळे पाळीव मांजर आणि जॉफ्रॉयचे मांजर यांच्या संकरातून जन्मलेल्या पिलात 37 गुणसूत्रे येतात. अशी खूण इतकी नेमकी असते की तिच्यावर वाद उरत नाही.

सिंहाचेही पाहावे. 2017 च्या फेरमांडणीने गीरच्या सिंहाला स्वतंत्र आशियाई उपप्रजाती न मानता पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतल्या सिंहांबरोबर एका उपप्रजातीत ठेवले. सेनेगलचा सिंह दक्षिण आफ्रिकेतल्या सिंहापेक्षा गीरच्या सिंहाला जवळचा आहे. आकार, आयाळ किंवा खंड यांवरून हे कोणालाही सुचले नसते, आणि पश्चिम आफ्रिकेत सिंहांची जी थोडी संख्या उरली आहे तिचे मोल त्यामुळे आणखी वाढते. वंशाचा अभ्यास संवर्धनाला अडथळा ठरतो, हे वनपाऊल यांचे म्हणणे मला मान्य होण्यासारखे नाही.

विज्ञानशिक्षिका

मी शाळेत जीवशास्त्र शिकवते, म्हणून या वादाकडे मी वेगळ्या ठिकाणाहून पाहते. विद्यार्थ्यांना मार्जार कुळाची ओळख होते ती वाघापासून, आणि ‘मोठी मांजरे’ हा गट त्यांच्या मनात आधीच तयार असतो. तो पुसून टाकण्यापेक्षा त्याला प्रश्न विचारायला शिकवणे मला अधिक उपयोगाचे वाटते.

एका आकड्याविषयी मात्र येथे लिहिणे आवश्यक वाटते, कारण तो सर्वत्र फिरतो. 2013 साली वाघाचा जनुकसंच प्रसिद्ध झाला, तेव्हा वाघ आणि पाळीव मांजर यांच्यात 95.6 टक्के साम्य आहे असे सांगितले गेले. त्यावरून ‘मांजर म्हणजे 95 टक्के वाघ’ अशी वाक्ये तयार झाली. तो आकडा खरा आहे, पण त्याने जवळचे नाते सिद्ध होत नाही. नाते ठरते तुलनेवरून. पाळीव मांजराचे वाघाशी साम्य किती हे एकट्याने काही सांगत नाही. चित्ता, लिंक्स, वाघाटी यांच्याशी त्याचे साम्य त्याहून किती अधिक आहे, हे शेजारी ठेवल्यावरच त्याला अर्थ येतो. पाळीव मांजराचे खरे मूळ तर 2007 साली पुरेसे स्पष्ट झाले आहे: सगळी पाळीव मांजरे पश्चिम आशिया आणि उत्तर आफ्रिकेतल्या ‘फेलिस लिबिका’ या रानमांजरापासून आलेली आहेत.

वर्गात मी आधी सगळ्यांना समान असलेली एक गोष्ट सांगते. मांजराला गोड चव कळत नाही. गोड चव ओळखणाऱ्या ग्राहकाचे एक जनुक त्याच्यात निकामी झालेले आहे, कारण त्यातला 247 अक्षरांचा तुकडा गळून गेला आहे. 2005 साली हे पाळीव मांजरात दिसले आणि तोच दोष वाघात आणि चित्त्यातही सापडला. तीन शाखांतल्या तीन प्राण्यांत एकच तुकडा एकाच जागी गळलेला असणे, याचा सरळ अर्थ असा की, हा दोष त्यांच्या समान पूर्वजातच निर्माण झाला. एवढे सांगितले की मुले आपण होऊन विचारतात की मग तरसाला किंवा मुंगसाला गोड कळते का, आणि तेथून मांजरांच्या कुळाबाहेरच्या आप्तांकडे जाता येते. तरस दिसायला कुत्र्यासारखे असले तरी ते मांजरांच्या बाजूचे आहे, आणि हयात प्राण्यांत मार्जार कुळाचे सर्वांत निकटचे शेजारी म्हणजे आग्नेय आशियातले लिन्सँग, हे ऐकून मुले थक्क होतात. त्यांना आकाराची वाटणी विसरायला सांगावे लागत नाही. ती आपोआप मागे पडते.

शाखामूळ

शिक्षिकाबाईंनी जे उदाहरण दिले, तेच मला अपेक्षित असलेले लेखन आहे. एका जनुकातला गळलेला तुकडा वाघ, चित्ता आणि मांजर यांना एका पूर्वजापर्यंत नेतो. वजनाचा कोणताही आकडा ते करू शकत नाही.

गुणसूत्र यांच्या प्रश्नाला उत्तर देतो. संकरामुळे वंशवृक्ष गुंतागुंतीचा होतो, हे मला मान्य आहे, आणि हिमबिबट्याची कथा लेखात अवश्य यावी. त्याने माझा मूळ मुद्दा दुबळा होत नाही. हिमबिबट्या आणि सिंह यांच्या पूर्वजांत देवाणघेवाण झाली, हीसुद्धा वंशाचीच माहिती आहे आणि ती वंशाचा शोध घेतल्यामुळेच हाती आली. दंतपंक्ती यांच्या म्हणण्याप्रमाणे जीवाश्म आणि हाडे यांनाही त्यात पूर्ण जागा आहे. तलवारदंती मांजरांची शाखा हयात मांजरांपासून सुमारे दोन कोटी वर्षांपूर्वी वेगळी झाली, हे सांगितल्याशिवाय या कुळाचे चित्र अपुरेच राहते, कारण ‘स्मिलोडॉन’ला अजूनही वाघाचा पूर्वज समजणारे पुष्कळ वाचक आहेत.

वनपाऊल यांच्याशी माझा मतभेद आता एका जागी येऊन थांबला आहे. भक्ष्य, क्षेत्र आणि संघर्ष यांविषयी लिहिताना त्यांनी वजनाचा गट जरूर वापरावा, पण तेथे गटाचा आधार वजन आहे हे वाक्यातच लिहावे आणि उंबरठ्यावरचा लिंक्सही त्यात घ्यावा. कुळाची ओळख करून देणाऱ्या लेखात मात्र आठ शाखांचाच क्रम असावा, आणि चित्त्याच्या शेजारी प्यूमा आणि जॅग्वारुंडी यांची नावे आलीच पाहिजेत.

वनपाऊल

लिंक्स घ्यायला माझी हरकत नाही. कार्पेथियन पर्वतांत काम करणाऱ्यांना तो मोठ्या शिकारी प्राण्यांतच मोजावा लागतो. परंतु ओळखीच्या लेखातून आकार पूर्ण बाहेर ठेवण्याला माझा विरोध कायम आहे. प्यूमाच्या एकाच शाखेतून पाच किलोंचा जॅग्वारुंडी आणि त्याच्या दसपट वजनाचा प्यूमा निघाला, आणि पँथेराच्या उपकुळात वीस किलोंचा ढगाळ बिबट्या आणि दोनशे किलोंचा वाघ एकत्र आले. भावंडांत एवढा फरक कसा पडला, कोणत्या भक्ष्याने आणि कोणत्या स्पर्धेने तो घडवला, हा या कुळाचा अर्धा इतिहास आहे. आपल्या आठ शाखांच्या क्रमात प्रत्येक नावापुढे वजन आणि मुख्य भक्ष्य लिहावे, एवढी माझी मागणी आहे.

ढगाळ बिबट्याविषयी मात्र मी आपल्या बाजूने आहे. बोर्निओ आणि सुमात्रा येथील ढगाळ बिबट्या ही वेगळी प्रजाती असल्याचे 2006 साली स्पष्ट झाले, म्हणजे वाघ-सिंहांच्या घराण्यातल्या एक नव्हे, दोन प्रजाती त्या सातांच्या यादीबाहेर आहेत, आणि दोघींचीही जंगले वेगाने तुटत आहेत. त्यांच्यासाठी वजनाचा उंबरठा बाजूला ठेवावा लागला, तरी तो ठेवावा.